कोण ‘डार्क हॉर्स’, कोण ‘ब्लॅक शीप’?

इंग्रजीत माणसाच्या स्वभावाला प्राण्यांची नावं सर्रास देतात. त्यामागची गोष्ट कळली की अर्थ कायमचा लक्षात राहतो!

🐎 डार्क हॉर्स: शर्यतीतला, कुणाला फारशी माहिती नसलेला, तरी बाजी मारू शकणारा घोडा. ब्रिटिश लेखक डिझरायलीच्या १८३१ च्या ‘द यंग ड्यूक’ कादंबरीत असा घोडा भेटतो. पुढे राजकारणानं हा शब्द उचलला. १८४४ मध्ये अनपेक्षितपणे उमेदवारी मिळून अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जेम्स पोल्क हे त्याचं ठळक उदाहरण.

🐑 ब्लॅक शीप: काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढत नाही, म्हणून तिला भाव कमी. त्यावरून घराण्याला बट्टा लावणारी व्यक्ती.

🐐 स्केपगोट: दुसऱ्यांच्या चुकांचं खापर ज्याच्या माथी फुटतं तो. बायबलमध्ये लोकांची पापं बोकडावर लादून त्याला रानात सोडून देतात. विल्यम टिंडेलनं १५३० च्या इंग्रजी भाषांतरात हा शब्द घडवला. आपला बळीचा बकरा जिवानिशी जातो, हा मात्र जिवंत हाकलला जातो.

🐕 बुलडॉग: धरलेलं न सोडणारा. डार्विनची बाजू हिरिरीनं लढवणाऱ्या थॉमस हक्सलींना ‘डार्विनचा बुलडॉग’ म्हणत.

🦉 आउल: ग्रीक विद्यादेवता अथेनाचा पक्षी, म्हणून ज्ञानी. मराठीत मात्र कुणाला घुबड म्हणून पाहा!

म्हणून असा शब्द वापरण्याआधी तो कौतुकाचा आहे की टीकेचा, हे नक्की तपासा. प्राणी तोच असला, तरी त्याचा मान प्रत्येक भाषेत वेगळा असतो.