छत्रपती कोण? पालखेडने दिलेले उत्तर

निजाम-उल-मुल्काने मराठ्यांवर फौज पाठवण्याआधी त्यांना एक प्रश्न टाकला होता : तुमचा खरा छत्रपती कोण, साताऱ्याचा की कोल्हापूरचा? या वादाचा निवाडा होईपर्यंत चौथाई आणि सरदेशमुखी कोणालाच मिळणार नाही, असे सांगून त्याने साताऱ्याच्या कमाविसदारांना, म्हणजे वसुली अधिकाऱ्यांना, आपल्या मुलखातून हुसकावले. एकही तोफ न डागता त्याने साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या गादीवर आणि तिजोरीवर एकाच वेळी घाव घातला होता.

या पैशाचे मोल किती होते? १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या सनदा आणल्या. औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, विजापूर आणि हैदराबाद हे ते सुभे. चौथाई म्हणजे महसुलाचा पाव हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा. शंभर रुपयांच्या आकारामागे पस्तीस रुपयांवर मराठ्यांचा हक्क झाला. सरदारांची पागा, शिलेदारांचा रोजमुरा, सारे याच वसुलीवर उभे होते. वसुली थांबली की घोडे थांबणार, हे निजामाला पुरते ठाऊक होते.

प्रतिस्पर्धी लेचापेचा नव्हता. १६७१ चा जन्म, औरंगजेबाच्या हाताखाली घडलेला, दिल्लीची वजिरी भोगून आलेला. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला सुभेदार मुबारिजखानाला मारून तो दख्खनचा मालक झाला. बादशहाची सत्ता उरली ती नावापुरती. त्या लढाईत बाळाजींचे पुत्र पेशवे बाजीराव त्याच्याच बाजूने उभे होते. त्याआधी १७२१ मध्ये चिखलठाणला दोघांची भेटही झाली होती. दोघे एकमेकांना नीट ओळखत होते.

आणि निजामाने मराठ्यांचे दुखणे अचूक हेरले होते. धनाजी जाधवांचे पुत्र चंद्रसेन त्याच्या चाकरीत होते. राजाराम महाराज आणि राजसबाई यांचे पुत्र, कोल्हापूरचे संभाजी महाराज, त्याच्या गोटात येऊन मिळाले. खुद्द साताऱ्याच्या दरबारात श्रीपतराव प्रतिनिधी आणि बाजीराव यांची मते जुळत नव्हती. भाऊबंदकी आमची होती. निजामाने फक्त तिच्यावर बोट ठेवले. मराठे विरुद्ध मोगल अशा सरळ दोन रांगा लावून अठरावे शतक वाचणाऱ्यांनी ही यादी जरूर डोळ्यांखालून घालावी.

कर्नाटकच्या मोहिमेवरून परतलेल्या सत्तावीस वर्षांच्या पेशव्याने १७२७ च्या पावसाळ्याअखेर पुणे सोडले. जालना आणि सिंदखेड लुटून त्यांनी बऱ्हाणपुराकडे जाण्याची हूल दिली आणि खानदेशातून थेट गुजरातेत मुसंडी मारली. अवजड फौज घेऊन पाठलाग करणे व्यर्थ आहे हे ओळखून निजाम पुण्यावर आला. तिथे त्याने संभाजी महाराजांना छत्रपती म्हणून बसवले. शाहू महाराज बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा यांच्यासह पुरंदरावर होते. हे पुणे आजच्यासारखे नव्हते. शनिवारवाड्याचा पायाच १७३० मध्ये घातला गेला. पुणे सोडवायला पेशवा धावत येईल, असा निजामाचा हिशेब होता. बाजीरावांनी उलट निजामाच्या औरंगाबादचा रस्ता धरला. आता धावण्याची पाळी निजामाची होती.

घाईत गोदावरी ओलांडताना त्याला जड तोफखाना मागे ठेवावा लागला. त्याची खरी ताकद तोफांतच होती आणि मराठ्यांना हेच हवे होते. २५ फेब्रुवारी १७२८ च्या सुमारास पालखेडजवळ तो वेढला गेला. नाशिक जिल्ह्यातले धरणाचे पालखेड वेगळे. हे वैजापूर तालुक्यातले. मोठी समोरासमोरची लढाई झालीच नाही. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्यासारख्या सरदारांच्या घोडदळाने दाणावैरणीच्या वाटा बंद केल्या आणि पाणी तोडले. तोफा सोबत असत्या तर कडे फोडता आले असते. त्या नसताना तहानेली माणसे आणि जनावरे घेऊन किती दिवस तग धरणार? निजामाने बोलणी सुरू केली.

६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहू महाराज हेच छत्रपती, हे निजामाने मान्य केले. थकलेली चौथाई-सरदेशमुखी देण्याचे आणि कमाविसदारांना परत ठाण्यांवर बसू देण्याचे त्याने कबूल केले. संभाजी महाराजांना मराठ्यांच्या हवाली करायला मात्र तो तयार झाला नाही. त्यांना पन्हाळ्याला जाऊ द्यावे यावर तडजोड झाली.

हाती सापडलेला निजाम बाजीरावांनी सोडला का, असा सवाल आजही व्याख्यानांतून विचारला जातो. माझ्या मते त्यांनी ठीक केले. मोहीम निघाली होती ती गादीची मान्यता आणि सनदेचा पैसा यांसाठी. दोन्ही पदरात पडले. निजामाला संपवण्याच्या नादात दिल्लीची फौज अंगावर ओढवून घेण्याइतके बळ १७२८ च्या साताऱ्याकडे नव्हते.

हे वैर पुढे तीन पिढ्या चालले. १७३७ च्या अखेरीस भोपाळला बाजीरावांनी निजामाला पुन्हा तसेच कोंडले. १७६३ मध्ये राक्षसभुवन आणि १७९५ मध्ये खर्डा इथे त्याच्या वारसांशी गाठ पडली. ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यांनी युद्धाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात पालखेडच्या मोहिमेला मानाचे स्थान दिले. त्या वेगाचा अभिमान आपल्याला असायलाच हवा.

पण निजामाच्या प्रश्नाचे खरे उत्तर घरातच द्यावे लागले. पालखेडनंतरही वारणाकाठी साताऱ्या-कोल्हापूरची शस्त्रे एकमेकांवर उगारली गेली. शेवटी १७३१ च्या आरंभी कऱ्हाडजवळ जखिणवाडीला शाहू महाराज आणि संभाजी महाराज हे चुलतभाऊ भेटले आणि १३ एप्रिलला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे गेला. दोन्ही गाद्यांनी एकमेकींना मानले, तेव्हा तिसऱ्याने लवाद होण्याचे कारणच उरले नाही.

शाळेच्या पुस्तकापासून चित्रपटापर्यंत पालखेडचे घोडे आपण पुष्कळ दौडवले. आता त्याच्या शेजारी वारणेचा तहही शिकवावा. बाजीरावांनी निजामाचे कडे आवळले. निजामाला आत येऊ देणारी भेग मात्र वारणेने बुजवली.