सिलिंडरचा दाब गळतोय कुठून?

रायपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. शिवाय उरला-सिलतराच्या कारखानदारी पट्ट्यातली धूळ आहेच. इंजिन फार तापलं की हेड गॅस्केट जळू शकतं. एअर फिल्टर फाटला की धूळ आत जाऊन पिस्टनच्या रिंगा झिजवते. दोन्हींत सिलिंडरचा दाब गळतो आणि गाडी ओढत नाही.

इंजिन उघडण्याआधी दोन चाचण्या करून घ्याव्यात. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये इंधन आणि इग्निशन बंद करून, प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर मारतात. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष बहुधा रिंगांचा.

लीक-डाउन टेस्टमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये हवा भरतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा तडकलेलं हेड. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गार झाल्यावरच उघडावं.

प्रत्येक सिलिंडरचे आकडे मेकॅनिककडून लिहून घ्या; मोठ्या खर्चाला हो म्हणण्याआधी तेवढा पुरावा हवाच.