सुई टोचली म्हणून गाठ भडकत नाही

‘गाठीला सुई लावू देऊ नका, चाकू लागला की कॅन्सर अंगभर पसरतो.’ तळोद्यात ऐका, नाहीतर मुंबईत. शहाणीसुरती माणसंही हे छातीठोकपणे सांगतात. पुरावा विचारला, तर ओळखीतला कोणीतरी पुढे केला जातो: तुकडा तपासायला काढला आणि दोन महिन्यांत माणूस गेला. घटना खरी असेल, निष्कर्ष चुकीचा आहे. आपल्याकडे बहुतेक रुग्ण आजार वाढल्यावरच तपासणीला येतात. तळोद्याच्या माणसाला आधी झाडपाला, मग गावातला डॉक्टर, मग नंदुरबार, तिथून धुळे, सुरत किंवा मुंबई असा प्रवास करावा लागतो आणि या टप्प्यांमध्ये महिने जातात. तुकडा काढल्यावरही अहवाल हाती येईपर्यंत घरचे घाबरून उपचार पुढे ढकलतात. गाठ वाढते ती या काळात. दोष मात्र सुईच्या माथी. पाऊस पडण्याआधी छत्री उघडली, म्हणून छत्रीनं पाऊस आणला म्हणण्यासारखंच हे.

चाकूमुळे कॅन्सर पसरत असता, तर जास्त कापलेले रुग्ण लवकर दगावले असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर केलेला अभ्यास नेमका उलट सांगतो. काही रुग्णांच्या तोंडातल्या गाठीबरोबरच मानेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या. बाकीच्यांची मान आजार तिथे दिसल्यावरच उघडायची ठरलं. 2015 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले 67.5 टक्के. म्हणजे आधीच जास्त कापलेले जास्त जगले.

यावर जाणकार विचारतील, सुईच्या वाटेनं पेशी कधीच सांडत नाहीत का? क्वचित सांडतात. यकृताच्या काही गाठींत तसं घडल्याच्या नोंदी आहेत. वृषणाच्या संशयित गाठीत तर सहसा सुई घालतच नाहीत, ती शस्त्रक्रियेनं अख्खी काढतात. डॉक्टर हा धोका जाणून मार्ग ठरवतात. पण गाठ कोणत्या जातीची हे कळल्याशिवाय नेमकं औषध ठरवायचं कसं, हे तुकड्याला विरोध करणाऱ्यांनी एकदा सांगावं. स्तनाच्या दोन गाठी हाताला सारख्याच लागतात, पण एकीला हार्मोनरोधक गोळ्या लागू पडतात, दुसरीला नाही.

बाकीच्या समजुतींना एवढी जागा देण्याची गरज नाही. दुखत नाही म्हणून गाठ साधी ठरत नाही. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखतच नाही. मिश्री दातांचं औषध नव्हे, ती भाजलेली तंबाखूच आहे. आणि रुग्णाचं ताट वेगळं करणाऱ्यांनो, कॅन्सर जेवणातून लागत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा एचपीव्ही विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, हे खरं. पण त्यावर लस आहे, तपासणीही आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं आणि तिच्या जोडीच्या उपचारानं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथंही संशयित जागेचा तुकडा काढूनच निदान पक्कं करत होते.