भूक की आठवण?

मय्यतीच्या घरी तीन दिवस शेजारी-नातलग डबे पाठवतात. मग माणसे पांगतात, घर शांत होते आणि हात पुन:पुन्हा बिस्किटांच्या डब्याकडे जातो. इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरातच काढणाऱ्या बहिणीचे वजन अशा वेळी नकळत वाढते.

हा हावरटपणा नव्हे. शोकात झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. ताणामुळे शरीरात कॉर्टिसॉल वाढते, गोड-तेलकट खावेसे वाटते. दोन घास बरे वाटते. दुःख तिथेच राहते.

म्हणून सुरुवात उपाशी राहून करू नका. आधी स्वतःला विचारा : ही भूक आहे की आठवण? भूक असेल तर डाळ, भाजी, भाकरी शांतपणे बसून खा. आठवण असेल तर बहिणीला फोन लावा, रडू आले तर रडा. सब्र म्हणजे अश्रू गिळणे नव्हे.

हजरत आयेशा (रजि.) मय्यतीनंतर बायका घरी परतल्या की जवाच्या पिठाची तलबीना शिजवायला सांगत. साधे, हलके अन्नही मनाला आधार देते.

इद्दतीतही अंगणात किंवा घरातल्या घरात दहा मिनिटे चालता येते. पुढे हळूहळू आठवड्याला १५० मिनिटे गाठा. मधुमेह, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारा. महिने लोटूनही मन उभारी धरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही.

आणि घरच्यांनो, ‘किती जाड झालीस!’ म्हणू नका. तिच्यासोबत दस्तरख्वानवर बसा. एकटीच्या जेवणाला हिशेब राहत नाही.