स्वयंपाकघरात घडलेली सायकल

मूर्तिजापूर रस्त्यावर समोरून वारा आला की सायकलवाला आपोआप हँडलवर वाकतो. वेगाच्या सायकलीचं निम्मं शास्त्र त्या वाकण्यातच आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याला पुरं पडायला ताकद आठपट लागते. पायांत ती आणणार कुठून? म्हणून शरीर आडवं करायचं, वरून माशासारखं कवच चढवायचं.

स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री यांनी १९९३ साली स्वतः बनवलेल्या सायकलवर तासाभरात ५१.५९६ किलोमीटर कापून जागतिक विक्रम केला. तिच्यात बेअरिंग होती वॉशिंग मशीनची! पुढे त्यांनी स्वयंपाकघरात आणखी एक घडवली. ती पोटावर झोपून, डोकं पुढे करून चालवायची. खांद्याच्या टेकूला जुनं पातेलं कापलं. (आमच्या घरांत अम्मीने काय केलं असतं, ते सांगायला नको.) २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात ती ताशी ९१ किलोमीटर धावली.

भंगार गोळा करणाऱ्या मुलाला आम्ही पालक आणि शिक्षक लगेच अभ्यासचोर ठरवतो. त्याला एकदा विचारून तर पाहू, काय बनवतोस बेटा? मात्र कारंज्याच्या रस्त्यावर असली सायकल नकोच, ट्रकवाल्याला ती दिसणारही नाही. मोकळं मैदान, हेल्मेट, दोन्ही ब्रेक तपासलेले, आणि कवच आधी पुठ्ठ्याचं. पूर्ण बंद कवचात पाय जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा सुरुवातीला ढकलायला आणि थांबताना धरायला मोठं माणूस सोबत हवं.