सूत्राध्यक्ष आणि कारू : वेतन, देणगी व दंड

सरकारी काम ठराव करून कारागिरांकडून घ्यावयाचें, तर तें चांगलें व वेळेवर कसें व्हावें, हा प्रश्न जुनाच आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील तेविसाव्या अध्यायांत त्याचा विचार आला आहे. म्हैसूर येथील ताडपत्राच्या पोथीवरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हा शास्त्रग्रंथ आहे. यांतील विधि म्हणजे घडलेला वृत्तान्त असें समजूं नये.

सूत, वस्त्रें, कवचें व दोर यांचें राजाचें काम पाहणारा अधिकारी तो सूत्राध्यक्ष. कामाचें प्रमाण, मुदत, वेतन व निष्पत्ति हीं ठरवून त्यानें कारूंकडून काम घ्यावें आणि त्यांच्याशीं निकट संबंध ठेवावा. कांतणारणींचें वेतन सूत बारीक, मध्यम कीं जाडें, आणि किती, हें पाहून ठरवावें. सुताचें मान पाहून त्यांस तेल व आंवळ्याचें उटणें द्यावें; सणाच्या दिवशीं काम घेतल्यास मान व देणगी द्यावी. सूत कमी भरल्यास मालाच्या किंमतीप्रमाणें वेतन घटतें. चौथ्या अधिकरणांत मुदत चुकविणाऱ्या कारूचें पाव वेतन कापून वर दुप्पट दंड सांगितला आहे.

येथवर सर्व भार कारूवर दिसतो. परंतु वेतनास विलंब झाल्यास मध्यम साहसदंड, म्हणजे २०० ते ५०० पण, सांगितला आहे. न झालेल्या कामाचें वेतन दिल्यासहि तोच. हा दंड कोणास, हें शब्दानें सांगितलेलें नाहीं. तथापि विलंब करणें किंवा फुकट वेतन देणें हें देणाऱ्याच्याच हातचें आहे. शिवाय लगेच पुढें, वेतन घेऊन काम न करणारीस जो कठोर दंड आहे (त्याचा अर्थ सामान्यतः अंगठा तोडणें असा करितात), तेथें स्त्रीलिंगी पद घालून दंड्य व्यक्ति निराळी दाखविली आहे. तेव्हां मध्यम दंड अधिकाऱ्यासच होय, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

सारांश, ग्रंथकारानें कारूच्या लोभावर व भयावरच भिस्त ठेविली नाहीं. पैसे देणारा हातहि त्यानें बांधला. शिक्षेंत मात्र समता नाहीं : एकास पणांचा दंड, दुसरीस अंगच्छेद. संग्राहकांनीं आपल्याकडील कारखान्यांचे व बांधकामांचे हिशेब वाचतांना काम पुरें झाल्याच्या तिथीशेजारीं पैसे चुकते केल्याची तिथिहि अवश्य टिपून ठेवावी.