तळघरातील लोहमार्ग

ज्या रेल्वेने एकाही उतारूस तिकीट दिले नाही की मणभर धान्य वाहिले नाही, तिचे घाट, पूल आणि स्थानके एका पिढीच्या छांदिष्टांना आपल्या गावच्या रस्त्यांइतकी परिचित असावीत, हा विलक्षण योग जॉन व्हिट्बी ॲलन या गृहस्थाने कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे गावी आपल्या घराच्या तळघरात घडवून आणला. ‘गोरी अँड डिफीटेड’ हे त्या रेल्वेचे नाव एका इंग्रजी कोटीवर बेतलेले आहे, आणि असल्या कोट्यांचा सोस मालकाला अखेरपर्यंत सुटला नाही.

१९१३ साली मिसूरी संस्थानातील जॉप्लिन येथे जन्मलेल्या ॲलनचे हृदय बालपणीच्या आजाराने दुबळेच राहिले. त्याने काही काळ छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि १९४६ च्या सुमारास मॉन्टेरेस बिऱ्हाड हलवल्यावर १ : ८७ या प्रमाणाचा, म्हणजे जाणकारांच्या भाषेत ‘एचओ’ मापाचा, पहिला मार्ग उभारला. (पुण्याच्या कोथरुडातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे माप निराळे समजावून सांगावयास नको.) मोठ्याशा मेजावर मावेल एवढाच तो होता. पुढे दुसरा झाला, आणि १९५३ मध्ये नवे घर घेतल्यावर तिसरा. त्यात त्या पहिल्या मार्गालाही मानाने सामावून घेतलेले होते.

या तिसऱ्या मार्गातील प्लास्टरचे कडे जमिनीपासून छतापर्यंत भिडलेले असत, त्यामुळे पाहणारा मेजाकडे वाकून न पाहता दरीत उभा राहून मान वर करून गाडी पाही. जेथे जागा संपे तेथे आरसे अशा खुबीने बसवलेले की मुलूख आणखी पुढे गेला आहे असे वाटावे. परंतु याहूनही मोठी करामत रंगकामाची होती. हौशी मंडळी आपली इंजिने दुकानातून आणल्यासारखी लखलखीत ठेवण्यात भूषण मानीत, त्या काळी ॲलनने आपल्या इंजिनांवर काजळी, गंज आणि तेलाचे ओघळ चढवले, वाघिणींच्या फळ्या उन्हापावसाने पिचलेल्या दाखवल्या, आणि जीर्णतेवाचून यंत्राला खरेपणा येत नाही हे सिद्ध केले. हा दृष्टिकोन छायाचित्रकाराचा होता यात मला तरी संशय वाटत नाही: छायाप्रकाश कोठे पडला की मूठभर दगडाचा डोंगर होतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. आणि इतक्या कठोर वास्तववादी माणसाने तेरा क्रमांकाचे शंटिंग इंजिन म्हणून एमा नावाचा स्टेगोसॉरस, म्हणजे चक्क पुराणकाळचा प्राणी, कामावर ठेवावा, याला काय म्हणावे?

तथापि या रेल्वेचा प्राण तिच्या देखाव्यात नव्हता, तिच्या कारभारात होता. मित्रमंडळी जमली की प्रत्येकाकडे आपापले काम सोपवले जाई, खास वेगाने धावणाऱ्या घड्याळावर लहानशा बैठकीत दिवसच्या दिवस उलटत, वेळापत्रकाचा अंमल चाले, आणि कोणती वाघीण कोणत्या बाजूच्या मार्गावर सोडायची याचा बंदोबस्त खऱ्या यार्डातल्याप्रमाणे करावा लागे. रूळ वाटोळे फिरवून गाडी भोवंडत ठेवणे हा पोरखेळ. ॲलनच्या गाडीला मात्र कोठेतरी काहीतरी पोचवायचे असे.

६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले, आणि दहाच दिवसांनी घरास अपघाताने आग लागून त्या मार्गाचा बहुतांश भस्मसात झाला. मागे राहिले ते मुख्यतः त्याने स्वतः टिपलेल्या छायाचित्रांचे दप्तर. लिन वेस्टकॉट या संपादकाने त्याच्यावर लिहिलेला ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आज बहुतेकांची ‘गोरी अँड डिफीटेड’शी ओळख याच चित्रांतून होते. ही ओळख अर्धीच आहे; चित्रातली गाडी उभी असते, तिला उशीर होत नाही आणि समोरून येणाऱ्या गाडीसाठी बाजूला थांबावेही लागत नाही. उरलेली अर्धी ओळख करून घ्यायची असेल, तर ॲलनने मृत्यूपूर्वी, १९७२ साली ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकातून प्रसिद्ध केलेले ‘टाइमसेव्हर’ हे शंटिंगचे कोडे मांडून बसावे. आखूड रुळांचे काही फाटे, पाच वाघिणी आणि एक इंजिन, एवढ्याच सामग्रीवर प्रत्येक वाघीण ठरल्या जागी कमीत कमी वेळात न्यायची. हे कोडे छांदिष्ट मंडळी अद्याप हिरिरीने खेळतात.